होमस्कूलिंगवाल्या टीनएजर्ससाठी गणित-सायन्सचा अभ्यासक्रम निवडताय? या चुका टाळा

मूल बारा वर्षांचं होईपर्यंत होमस्कूलिंगवाले आईबाबा बऱ्यापैकी निवांत असतात. स्वयंपाकात अपूर्णांक, बाजारात हिशोब, गच्चीवर तारे, सगळं छान चाललेलं असतं आणि ते खरंच चांगलं असतं. मग तेरावं-चौदावं लागतं, नातेवाईक "दहावीचं काय?" विचारायला लागतात आणि घाईघाईत पुस्तकांची ऑर्डर जाते. मी पुण्यात अशा मुलांना गणित आणि सायन्स शिकवते. पालकांचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, एनसीईआरटी घेऊ, बालभारती घेऊ का केंब्रिजचं? माझं म्हणणं असं की पुस्तक तिसऱ्या नंबरवर येतं. आधी मूल कुठल्या परीक्षेला बसणार ते ठरवा, मग त्याचं गणित आज नक्की कुठे उभं आहे ते बघा. हे दोन झालं की पुस्तकाचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो.

परीक्षा न ठरवता पुस्तकं घेणं

ही चूक सगळ्यात महागात पडते कारण ती कळते उशिरा. एनसीईआरटी उत्तम, पीडीएफ फुकट, म्हणून दोन वर्षं तीच केली आणि मग समजतं की ही पुस्तकं ज्या बोर्डाला लागतात त्या सीबीएसईला घरून शिकणारं मूल थेट फॉर्म भरून पहिल्यांदा दहावीला बसू शकत नाही, त्यांची खासगी परीक्षार्थीची सोय मुख्यतः आधी परीक्षा देऊन राहिलेल्यांसाठी आहे. एनसीईआरटी वाचलेलं वाया जात नाही हे खरं, पण प्रश्नपत्रिकेची पद्धत, धड्यांचा क्रम, प्रॅक्टिकल, सगळं ऐनवेळी बदलावं लागतं.

आपल्याकडे प्रत्यक्षात तीन रस्ते जास्त वापरले जातात. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण हवीत, पाच विषय, वर्षातून दोनदा मुख्य परीक्षा, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, त्यात खासगी विद्यार्थी म्हणून संपर्क केंद्र असलेल्या शाळेमार्फत बसायचं, पुस्तकं बालभारतीची. तिसरा केंब्रिज आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावी, हा खर्चिक, आणि खासगी परीक्षार्थी घेणारं सेंटर आधी शोधायला लागतं.

एनआयओएसची मोठी सोय म्हणजे विषय सुटे सुटे देता येतात. गणित कच्चं असेल तर ते मागे ठेवून आधी बाकीचे उरकायचे, असं बरीच मुलं करतात आणि दहावीला त्यात काही बिघडत नाही. बारावीला मात्र जपून, का ते खाली सांगते.

केंब्रिजवाल्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. गणितात कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन प्रकार आहेत आणि कोअरमध्ये कितीही चांगला पेपर लिहिला तरी जास्तीत जास्त सी ग्रेड मिळते. पुढे सायन्स घ्यायचं असेल तर एक्स्टेंडेडच. दुसरं म्हणजे २०२५ पासून त्यांच्या गणितात एक पूर्ण पेपर बिनकॅल्क्युलेटरचा झालाय. जुन्या पेपरांवर, कॅल्क्युलेटर हातात धरून तयारी झालेलं मूल तिथे अडकतं, तेव्हा जुने पेपर सोडवून घेताना हे धरून चाला.

वयावरून इयत्ता आणि इयत्तेवरून पुस्तक

मुलगी चौदाची आहे म्हणजे नववीचं पुस्तक, असा हिशोब होमस्कूलिंगमध्ये तरी करू नका. घरून शिकणाऱ्या मुलांचं ज्ञान एकसारखं वाढलेलं नसतं. कृष्णविवरांवर तासभर बोलणारा मुलगा ऋण संख्यांच्या वजाबाकीत अडखळतो, आणि यात त्याची काही चूक नाही, ती गोष्ट त्याच्यासमोर नीट आलेलीच नसते.

एक उदाहरण जवळून बघू. दहावीच्या सायन्समध्ये भिंगं आहेत. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर, प्रतिमा कुठे मिळेल? चिन्हं नीट घातली की गणित उरतं इतकंच, एक विसांश वजा एक तिसांश. छेद सारखे करायचे, तीन साठांश वजा दोन साठांश, एक साठांश, म्हणजे प्रतिमा ६० सेमीवर. आता ज्या मुलाचे अपूर्णांक कच्चे आहेत ते मूल सरळ २० वजा ३० करतं आणि उत्तर लिहितं उणे १०. पालक म्हणतात फिजिक्स जमत नाही, पुस्तक अवघड आहे, दुसरं बघूया. मग दुसरं येतं, तिसरं येतं, व्हिडिओंचं सबस्क्रिप्शन येतं आणि सहावीतला अपूर्णांक आहे तिथेच राहतो! मुलाला मात्र तोवर वाटायला लागतं की आपल्याला सायन्सच येत नाही, आणि ते बघून मला खरंच फार वाईट वाटतं.

म्हणून पुस्तक घेण्याआधी हे करा. बालभारतीची सहावी, सातवी आणि आठवीची गणिताची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, त्यातले संकीर्ण प्रश्नसंग्रह काढा. रोज थोडे, कुणी मदत न करता, कॅल्क्युलेटर न घेता मुलाला सोडवू द्या. परीक्षा आहे असं अजिबात म्हणू नका. तुम्ही फक्त बघायचं की पेन कुठे थांबतं. अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी आणि बीजगणितात कंस सोडवणं, या पाच जागा तपासल्या की चित्र स्पष्ट होतं. अ अधिक ब कंसाचा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग असं मूल लिहीत असेल तर नववी-दहावीचं कुठलंही पुस्तक त्याला छळणार. तेवढ्याच जागेवर दोन-तीन महिने काढा. चौदा-पंधरा वर्षांचं मूल सातवीचं गणित फार वेगात पूर्ण करतं, समज वाढलेली असते ना, तेव्हा मागे जाण्याची भीती बाळगू नका. हां, पुस्तकावर मोठ्ठा "इयत्ता सहावी" छापलेला असतो त्याचा मुलांना राग येतो, त्यापेक्षा प्रिंट काढून सुटी पानं द्या.

गणित एकीकडचं, सायन्स दुसरीकडचं

गणित अमेरिकन, फिजिक्स एनसीईआरटी, केमिस्ट्री कुणाच्या तरी नोट्सवरून, असं मिश्रण बऱ्याच घरांत दिसतं. मिश्रणाला माझी ना नाही, पण कुठल्या गणितावर कुठलं सायन्स उभं आहे ते कुणीतरी जुळवून बघायला हवं. अकरावीच्या फिजिक्समध्ये सदिश पहिल्या काही आठवड्यांतच येतात, तिथे त्रिकोणमिती हातात नसेल तर बळाचे घटक काढताच येत नाहीत. पीएच काढायला लॉगॅरिदम लागतो, आणि सीबीएसईच्या दहावीपर्यंतच्या गणितात लॉग नाही, केंब्रिजच्या साध्या गणितातही नाही, तो त्यांच्या अ‍ॅडिशनल मॅथ्समध्ये येतो. शाळेतली मुलंही इथे ठेचकाळतात पण त्यांना क्लासमध्ये कुणीतरी दहा मिनिटांत सांगून टाकतं. तुमच्या मुलाला ते सांगणारं कुणी नाही, तुम्हीच आहात.

तसंच एनसीईआरटीचं. अभ्यासक्रम कमी केला तेव्हा दहावीच्या विज्ञानातून मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा, म्हणजे आवर्तसारणीचा धडा गेला आणि उत्क्रांतीचा भागही गेला. फक्त ते पुस्तक वाचून मूल अकरावीच्या केमिस्ट्रीला बसलं तर आवर्तसारणी त्याच्यासमोर एकदम मोठी होऊन येते. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात आवर्ती वर्गीकरण आणि आनुवंशिकता-उत्क्रांती हे दोन्ही धडे आहेत, ते जोडीला घ्या, काम भागतं.

प्रयोग "नंतर बघू" म्हणून ढकलणं

सायन्स वाचून होतं हा गैरसमज होमस्कूलिंगमध्ये शाळेपेक्षाही जास्त दिसतो, कारण लॅब नाही ही सबब तयार असते. एनआयओएसला सायन्सचं प्रॅक्टिकल असतं आणि बारावीला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. केंब्रिजच्या दहावीला प्रॅक्टिकलऐवजी लेखी पेपरचा पर्याय मिळतो, पुढे ए लेव्हलला, म्हणजे त्यांच्या बारावीला मात्र खरंच लॅबमध्ये उभं राहून परीक्षा द्यावी लागते आणि खासगी परीक्षार्थीला लॅब देणारी सेंटर्स सहज सापडत नाहीत. हे अकरावीच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.

घरी काय करता येतं? पुष्कळ. एक दोरा, त्याला बांधलेलं नट, दाराच्या चौकटीला खिळा. आधारापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर मोजायचं, थोडंसंच बाजूला नेऊन सोडायचं आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर २० आंदोलनं मोजायची. साधारण ४० सेकंद येतात. मग मुलाला विचारा की दोरा अर्धा केला तर किती येतील? बहुतेक मुलं २० म्हणतात. करून बघितलं की २८ च्या आसपास येतात आणि तिथून वर्गमूळ स्वतःच्या पायांनी घरात येतं. त्याच आकड्यांवरून गुरुत्वत्वरण काढायचं, ९.८ च्या जवळ आलं की मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि ९.२ आलं तर त्याहून चांगलं कारण चूक कुठे झाली ते शोधायला मिळतं, लांबी चुकली, झोका मोठा दिला का मोजताना चुकून वीसऐवजी एकवीस आंदोलनं झाली. हे सगळं जर्नलमध्ये लिहायचं, वाचनं खोडायची नाहीत. आकृती सुबक नसली तरी चालेल, पण तक्ता आणि एकक पाहिजेच.

अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर कचऱ्यातून करायची खेळणी आणि मराठी पुस्तकं फुकट आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा क्यूब नावाचा उपक्रम आहे, त्यात साध्या सजीवांवर घरच्या घरी संशोधन करतात, बायोलॉजीची ओढ असलेल्या मुलांनी तो जरूर बघा. फेट (PhET) या वेबसाइटची सिम्युलेशन्स, म्हणजे कॉम्प्युटरवरचे प्रयोग, मराठीतही मिळतात, सर्किट समजायला फार छान. पण खऱ्या सेल-बल्बची जागा ती घेत नाहीत. वायर सैल असते, सेल उतरलेला असतो, ते कॉम्प्युटरवर होत नाही. अ‍ॅसिडचे, गॅसचे प्रयोग मात्र घरी एकट्याने नकोत, त्यासाठी ओळखीच्या कॉलेजची किंवा अभ्यासकेंद्राची लॅब आठवडाभर मिळते का ते विचारा, चार-पाच मुलं मिळून गेली तर खर्चही वाटून जातो.

व्हिडिओ बघितले म्हणजे धडा झाला

बघताना सगळं समजतंच. व्हिडिओ बंद करून, वही उघडून तेच उदाहरण पुन्हा सुटलं तर धडा झाला. यापेक्षा जास्त या विषयावर सांगण्यासारखं नाही.

परदेशी सेट आंधळेपणाने मागवणं

अमेरिकेत होमस्कूलिंग मोठं आहे, तिथे तयार सेट मिळतात आणि काही गणिताचे खरंच सुंदर आहेत. पण तिथे एक वर्ष अल्जेब्रा, एक वर्ष जिओमेट्री, मग परत अल्जेब्रा असा क्रम असतो. मधल्या वर्षी आपली दहावीची परीक्षा आली तर अर्धा भाग झालेलाच नसतो. सायन्समध्ये जास्त काळजी घ्या. तिथली होमस्कूलिंगची बरीच सायन्सची पुस्तकं धार्मिक प्रकाशकांची असतात, त्यात उत्क्रांती नाकारलेली असते किंवा पृथ्वीचं वय काही हजार वर्षं सांगितलेलं असतं. मुखपृष्ठावरून हे कळत नाही. बायोलॉजीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा आणि भूशास्त्रातला जीवाश्मांचा धडा आधी वाचा, मग पैसे भरा. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांनी, विशेषतः पुढे भारतात यायचा विचार असेल तर, गणिताचा क्रम आणि सायन्सचा मजकूर दोन्ही तपासा.

बारावीनंतरच्या अटी न वाचणं

इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. एनआयओएसची बारावी जेईई या प्रवेशपरीक्षेला चालते, पण पाच विषय घेऊन. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला ७५ टक्क्यांची अट (किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं, एससी-एसटीला ६५ टक्के) पाचही विषयांवर धरतात, म्हणजे भाषेचा विषय "पास झालं की झालं" म्हणून सोडता येत नाही. आणि वर म्हटलं ते बारावीचं, जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बारावीची परीक्षा पहिल्यांदा कुठल्या वर्षी दिली ते बघतात आणि सलग दोनच वर्षं संधी असते. फिजिक्स यंदा, गणित पुढच्या वर्षी असे तुकडे केले तर तुमच्या केसमध्ये पहिलं वर्ष कुठलं धरलं जाईल ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचून मगच ठरवा.

एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, २० टक्के अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. एनआयओएसमधून बारावी करणाऱ्या मुलाने बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं शेजारी ठेवूनच तयारी करायची. मेडिकलच्या 'नीट' प्रवेशपरीक्षेबद्दल अजून जुनी भीती ऐकू येते की मुक्त विद्यालयाची मुलं चालत नाहीत. तो वाद कोर्टात गेला होता आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात मुलांच्या बाजूने मिटला, मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयातून बारावी केलेलं मूल 'नीट' देऊ शकतं.

पुस्तक जमत नाहीये, बदलू का?

लगेच नको. आधी बघा की मूल कंटाळलंय, अडकलंय का घाबरलंय. कंटाळलेलं मूल उदाहरणं बरोबर सोडवतं पण वही उघडायला टाळतं, त्याला पुढची, अवघड उदाहरणं द्या. अडकलेलं मूल एकाच प्रकारात परत परत चुकतं, त्याच्यासाठी वर सांगितलं तसं मागे जा. घाबरलेलं मूल उत्तर लिहून खोडतं आणि तुमच्याकडे बघतं, तिथे तुम्ही खोलीतून बाहेर जाणं किंवा काही महिने दुसऱ्या कुणी शिकवणं हाच उपाय, आईबाबांनी शिकवलंच पाहिजे असा काही नियम नाही.

यातलं काहीच नसेल आणि तरी गाडी अडत असेल तर बदला. पण नवीन पुस्तकाचा पूर्ण सेट घेण्याआधी त्यातला एकच धडा घ्या, तोही मुलाला येत नसलेला, आणि सुरुवातीपासून शेवटच्या सरावसंचापर्यंत मुलाबरोबर करा. उत्तरं पाठीमागे आहेत का, सोडवलेली उदाहरणं पुरेशी आहेत का, समजावणं मुलाला स्वतः वाचून कळतंय, का तुम्हाला शेजारी बसावं लागतंय, हे तेवढ्यात कळतं. आणि दोन पुस्तकांत निवडायचं असेल तर दोन्हीतला तोच धडा करून मुलालाच विचारा, पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्याला काय वाचून समजतं हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.