भाताच्या मुळांना तण रोखू द्या, आधी खेकड्याची बिळं बुजवा

लावणी आटोपली की गोराई-मनोरीपासून वसई-पालघरपर्यंत बरेच जण आठ-दहा दिवस खाचराकडे फिरकत नाहीत. त्याच दिवसांत खेकडे बांध पोखरतात, पाणी रातोरात उतरतं, चिखल उघडा पडतो आणि पाखड, म्हणजे भातासारखं दिसणारं तण, रुजतं. पावसाने उघडीप दिली की बाकी कामं सोडा, आधी बांध बघा.

भात स्वतःही तणाला अडवतो. 1973 साली जपानमध्ये भाताच्या तुसातून मोमिलॅक्टोन नावाची द्रव्यं वेगळी केली गेली. त्यातलं मोमिलॅक्टोन-बी मुळांवाटे मातीत उतरतं, आणि शेजारी पाखड उगवलं की भात ते जास्त सोडतो. पण हा जोर नुकत्या फुटलेल्या कोंबापुरता. तीन-चार पानांवर आलेलं पाखड त्याला दाद देत नाही. म्हणून सुरुवातीला पाण्याचा थर हवाच. बिळातून पाण्याबरोबर हे द्रव्यही वाहून जात असावं, असा आमचा अंदाज आहे.

सकाळी पाणी निवळ असताना बांधाच्या आतल्या कडेने चाला. छोटा भोवरा फिरतोय किंवा पलीकडे गढूळ धार लागलीय, तिथे बीळ समजा. हात घालू नका, साप असतो, काठीने चाचपा. वरवर थापलेला चिखल खेकडा रात्रीत काढतो. बीळ हातभर उकरा, पेंढ्याचा बोळा कोंबा, चिकणमाती भरून दोन्ही बाजूंनी टाचेने ठोका. रोपं धरली की 2.5 ते 5 सें.मी. पाणी ठेवा.

नेहमीची कामं:
- बियाणं: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, तरंगलेलं काढा, बाकीचं धुऊन घ्या
- रोपं: 21 ते 25 दिवसांची, एका चुडात (एका जागी लावायच्या झुबक्यात) 2-3
- अंतर: 20 × 15 सें.मी.
- बेणणी (तण काढणं): लावणीनंतर 20 आणि 40 दिवसांनी

चारसूत्री भात लागवड पद्धतीत हेक्टरी 2 टन पेंढा पहिल्या नांगरणीला गाडतात. लावणीच्या तोंडावर ताजा पेंढा गाडू नका. सडताना सुटणारी फेनॉलिक आम्लं कोवळ्या रोपांनाही बाधतात, वर नत्र अडकतं आणि रोपं पिवळी पडतात. पेंढा गाडल्यावर लावणीआधी दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

दुकानदाराने तणावर ‘भाताचा अर्क’ म्हणून महागडी बाटली पुढे केली तर घेऊ नका. मुळं रोज थोडं थोडं सोडतात, ते एका फवाऱ्यात मिळत नाही. दरवर्षी पाखड माजत असेल तरच प्रेटिलाक्लोर 50 ईसी हे तणनाशक वापरा, हेक्टरी 1 ते 1.5 लिटर, लावणीनंतर 3 ते 5 दिवसांत, उथळ पाण्यात. बीळ उघडं राहिलं तर तेही ओढ्याला जाईल, पैशासकट.

बेणताना पान खोडाला जिथे मिळतं तिथे वाकवून पाहा. भाताला पांढरी जिभली आणि केसाळ कान असतात; पाखडाचा सांधा सफाचट. कणीस येण्याआधीच उपटा, कारण भात कापणीला येईतो त्याचं बी झडून गेलेलं असतं. कणीस आलेलं बांधावर टाकू नका, गोळा करून खाचराबाहेर न्या.