रोज लोड असलेल्या पिकअपला मागचा पाटा वाढवताना

नागपूरच्या कळमना मार्केटमधून रोज माल उचलणारी पिकअप मागून बसली की थेट पाटे (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवू नका. आधी भरलेली गाडी धर्मकाट्यावर न्या. पूर्ण गाडीचं आणि फक्त मागच्या चाकांचं असं दोनदा वजन करा. आरसीवरच्या मर्यादेपेक्षा जास्त भरत असेल, तर माल कमी करणं हाच इलाज. जाड पाट्याने एक्सल आणि टायरची ताकद वाढत नाही.

वजन मर्यादेत असूनही गाडी बसते? मग जुने पाटे तपासा: कमान उतरलेली, तडा गेलेला, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या कडीचे) बुश झिजलेले. अशा सेटवर नवा पाटा चढवणं म्हणजे पैसा वाया.

लोड कायम असेल तर एक पूर्ण लांबीचा पाटा वाढवणं बरं. येताना गाडी रिकामी असेल तर हेल्पर पाटा घ्या; तो माल भरल्यावरच टेकतो, रिकाम्या गाडीला उड्या मारू देत नाही. यू-बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) आणि सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा) नवेच टाका, जुने ताणलेले असतात. सुमारे 500 किमीनंतर पुन्हा कसा.

एक गोष्ट गॅरेजवाले हमखास विसरतात. मागच्या एक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग ब्रेक व्हॉल्व्ह (मालाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल, तर गाडी उंच झाल्यावर त्याला माल कमी वाटतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. तो कंपनीच्या मापाने सेट करून घ्या. हेडलाइटही.