साडेतीनशेची बाईक आणि घाटाचा उतार

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणं आणि तोच घाट खालून चढणं, ही दोन वेगळी कामं आहेत. चढताना चूक झाली तर बहुतेक वेळा इंजिन बंद पडतं. उतरताना चूक झाली तर गाडी थेट कठड्याकडे जाते. तरीही घाटात जाण्याआधी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "गाडी ओढेल ना?" ओढेल. साडेतीनशे सीसीच्या आसपासच्या बाईक, म्हणजे क्लासिक ३५०, सीबी ३५०, हिमालयन, स्पीड ४००, ३९० ड्यूक, यांतली कुठलीही गाडी सह्याद्रीतला कुठलाही डांबरी घाट दोन माणसांसकट चढते. खरा प्रश्न पुढचा आहे. १७० ते २०० किलोची गाडी, वर दोघं आणि सामान, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपासचं ओझं ताब्यात ठेवून खाली कसं आणायचं?

निघण्यापूर्वी काय बघायचं ते थोडक्यात. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर जो आकडा असेल तोच ठेवा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तो बघा. ‘घाटात ग्रिप मिळावी म्हणून हवा कमी करा’ हा सल्ला डांबरी रस्त्यावर चुकीचा आहे. कमी हवेचा टायर वळणात डुलतो आणि खड्ड्यात रिम मार खाते. नक्षी २ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर पावसाळ्यात घाटात जाऊ नका. हायवेवर फार चाललेला टायर मधून चपटा होतो. अशी गाडी वळणात हळूहळू न कलता एका क्षणी एकदम पडल्यासारखी कलते, आणि नवखा माणूस तिथेच घाबरून ब्रेक दाबतो.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदलून घ्या. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर मात्र ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापतं, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबली की ती नुसती आत जाते. गावात वर्षभर ठीक चाललेला ब्रेक घाटातच दगा देतो, त्याचं एक कारण हे. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवा (बऱ्याच साडेतीनशेंना २५ ते ३० मिलिमीटर चालतो), पण चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा. झिजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असते. मॅन्युअलचा आकडा ताठ जागी मोजून ठेवा, सैल जागी मोजून समाधान मानू नका. मागे माणूस किंवा बॅगा असतील तर मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) एक-दोन खाचा वाढवा. जड सामान टेललाइटच्या वर नको. ते शक्य तितकं खाली आणि पुढे बांधा, नाहीतर चढाच्या वळणावर पुढचं चाक हलकं पडतं.

आता उतार. जुन्या ट्रकवाल्यांचा नियम आजही बरोबर आहे: जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरा. पारख सोपी आहे. रेस पूर्ण सोडा. वेग वाढत गेला तर गिअर वरचा आहे, एक खाली घ्या. वेग हवा तिथेच राहिला किंवा हळूहळू उतरला तर गिअर बरोबर. साडेतीनशेच्या संथ इंजिनाला आंबेनळीसारख्या घाटात बहुतांश वेळ दुसरा आणि तिसरा लागतो, हेअरपिनला, म्हणजे रस्ता जिथे उलटा फिरतो त्या वळणाला, पहिला किंवा दुसरा. चारशेच्या चपळ इंजिनांचं गणित थोडं वेगळं. क्लासिकचा २७ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाची ओढ) ४,००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) मिळतो, हिमालयन ४५०चा ४० न्यूटन मीटर ५,५०० आरपीएमला. त्यामुळे चपळ गाडीचं इंजिन घाटात जरा ओरडत ठेवावं लागतं. इंजिन ओरडतंय म्हणून पुष्कळजण वरचा गिअर टाकतात आणि तिथेच इंजिनाची पकड घालवून बसतात. टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा लाल पट्टीपासून दूर असेल तर आवाजाने इंजिनाचं काही बिघडत नाही.

गिअर उतार सुरू होण्याआधी, गाडी सरळ असताना कमी करा. क्लच दाबा, हलकी रेस द्या, गिअर खाली टाका, क्लच हळू सोडा. ही रेस दिली नाही आणि क्लच झटक्यात सुटला तर मागचं चाक क्षणभर अडखळतं. ओल्या रस्त्यावर ते तेवढ्यात आडवं जातं. स्लिपर क्लच असलेल्या गाड्या हा झटका बराच गिळतात, पण सगळा नाही.

न्यूट्रल टाकून उतरणं ही पेट्रोल वाचवण्याची जुनी सवय. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तिने पेट्रोलही वाचत नाही. गिअरमध्ये रेस सोडून उतरताना इंजेक्टर पेट्रोल जवळजवळ बंद करतो, कारण इंजिन चाकाच्या जोरावर फिरत असतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे ब्रेकवरचा सगळा भार फुकटात विकत घेतलात. वळणात क्लच दाबून ठेवणं हा त्याच सवयीचा छोटा भाऊ.

ब्रेक सतत घासत उतरू नका. वळणाआधी सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक नीट दाबा, वेग हवा त्याहून थोडा खाली आणा आणि ब्रेक पूर्ण सोडा, म्हणजे डिस्कला वारा लागतो. उतारावर वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि सपाटीपेक्षा लवकर अडकतं. त्यामुळे मुख्य काम पुढच्या ब्रेकचं. पण तो एकदम कचकन दाबायचा नाही, बोटांनी वाढवत न्यायचा. लिव्हर पूर्वीपेक्षा हँडलच्या जवळ येऊ लागली, स्पंजसारखी लागली किंवा जळका वास आला तर पुढचं वळण तसंच घेऊ नका. रुंद सपाट जागी गाडी बाजूला घ्या आणि १५ ते २० मिनिटं थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकू शकते.

वेगाचा हिशोबही डोक्यात असू द्या. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ला जवळपास १७. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे ६० ला ते ४० च्या सव्वादोनपट. ओल्या रस्त्यावर आणि उतारावर त्यात आणखी भर. म्हणून वेग ठरवायचा तो जेवढा रस्ता दिसतो त्यावरून. वळणाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूवर नजर ठेवा. तो दूर पळत असेल तर वळण उघडतंय. तो जागीच थांबला किंवा तुमच्याकडे येऊ लागला तर वळण आवळतंय. वेग लगेच, गाडी कलायच्या आधी, कमी करा.

डाव्या वळणावर मधल्या रेषेजवळून शिरलं तर लांबचं दिसतं हे खरं, पण समोरून येणारी एसटी वळताना मधली रेषा ओलांडतेच. तेव्हा रेषेपासून किमान एक मीटर आत राहा. उजव्या वळणावर डाव्या कडेने शिरा. मात्र पावसाळ्यात अगदी साइडपट्टीवर नको, पाण्याने ती खालून पोखरलेली असते. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी जागा द्यायची, हा नियम आहे. हेअरपिनमध्ये बस किंवा ट्रक शिरताना दिसला तर वळणाच्या दहा-पंधरा मीटर आधीच थांबा. त्याला पूर्ण रस्ता लागतो आणि त्याच्या मागच्या चाकांजवळ तुमच्यासाठी जागा उरत नाही.

साडेतीनशे घेऊन पहिल्यांदा घाटात गेलेल्यांच्या गाड्या जिथे पडतात, ती जागा बहुतेक वेळा एकच: चढावरची डावी हेअरपिन. आपल्याकडे डावीकडून चालवायचं, म्हणून डावं वळण आतलं. ते जास्त आवळलेलं असतं आणि आतल्या कडेला चढ सगळ्यात खडा. त्यात रस्त्याचा उतार आतल्या बाजूला, म्हणजे डावी बाजू खोल. होतं असं: माणूस दुसऱ्या गिअरमध्ये शिरतो, इंजिन ठोके देऊ लागतं, तो घाबरून क्लच दाबतो, गाडी थांबते. डावा पाय टेकायला जातो आणि जमीन अपेक्षेपेक्षा वीतभर खाली असते. १९५ किलोची गाडी एकदा तिकडे झुकली की हाताने सावरत नाही.

उपाय असा. वळणाआधी पहिला गिअर. समोरून काही येत नसेल तर आतल्या कडेपासून दूर राहून शिरा, तिथे चढ कमी असतो. डोकं वळवून वळणाच्या पुढचा रस्ता बघा; पुढच्या चाकाकडे किंवा दरीकडे बघितलं की गाडी तिकडेच जाते. रेस एकसारखी ठेवा आणि वेग मागच्या ब्रेकने हलकेच आवरा. पुढच्या ब्रेकला हात नको, हँडल वळलेलं असताना तो दाबला की गाडी आतल्या बाजूला कोसळते. तरीही इंजिन बंद पडलंच तर हँडल सरळ करा, दोन्ही ब्रेक दाबा आणि क्लच सोडून द्या. बंद इंजिन पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक धरून ठेवतं. चढावर नुसत्या पुढच्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर वजन मागे गेलेलं असल्याने पुढचं चाक घसरत गाडी मागे येते. पाय उंच बाजूचा टेकवा, बहुधा उजवा. मग श्वास घ्या आणि सावकाश पुन्हा सुरू करा. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला तर राहू द्या.

पावसाळ्यात ताम्हिणी, आंबोली, गगनबावडा सुंदर असतात आणि निसरडेही. पहिल्या एक-दोन सरी सर्वांत वाईट. महिनोनमहिने साचलेलं तेल आणि धूळ वर येऊन त्याचा लगदा होतो. जूनच्या अखेरीपासून झाडाखालच्या सावलीतल्या कडांवर शेवाळ धरतं. वळणांवर डिझेल सांडलेलं असतं. इंद्रधनुषी तवंग दिसला तर त्यावर ना ब्रेक, ना रेस, गाडी शक्य तितकी सरळ ठेवून पार व्हा. पांढरे पट्टे आणि पुलाचे लोखंडी सांधे यांनाही हाच नियम. डोंगराच्या कडेला लाल माती आणि बारीक दगड नुकतेच वाहून आलेले दिसले तर वर दरड सैल आहे असं समजा आणि तिथे फोटोसाठी थांबू नका. वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद ठेवतात, भोरहून किंवा महाडहून निघण्याआधी चौकशी करा.

धुक्यात अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरवरच चालवा. व्हायझरवर वाफ धरत असेल तर एक खाच उघडी ठेवा किंवा आतून पिनलॉक (वाफ रोखणारी जादा काच) लावा. धुक्यात रस्त्यात थांबायचं नाही. थांबावंच लागलं तर डांबर पूर्ण सोडा.

आणि थांबल्यावर गाडी उतारावर तोंड खाली करून साइड स्टँडवर लावू नका, ती स्टँडवरून पुढे घरंगळते. तोंड चढाकडे, पहिला गिअर टाकलेला, इंजिन बंद. मग क्लच सोडून गाडी हलकेच मागे जाऊ द्या. चाकाने गिअर धरला की मगच स्टँडवर भार द्या, आणि स्टँडखाली माती मऊ असेल तर एखादा चपटा दगड सरकवा.