डचमध्ये ओमडाट आलं की सरळ मराठी चालू करा

आमच्या वेंगुर्ल्यात डच वखार पडकी होऊन उभी आहे, तिच्यासमोरून कितीदा गेलो असेन, पण डच शिकायची वेळ आली ती मुलगी रॉटरडॅमला नांदायला गेल्यावर. विहीणबाईंशी व्हिडिओ कॉलवर नुसतं हसून किती दिवस काढणार!

तर साध्या वाक्यात क्रियापद दोन नंबरला बसतं. इक एट मक्रेल, मी बांगडा खातो. सुरुवातीला फान्डाख म्हणजे ‘आज’ आणलं तरी ते जागा सोडत नाही, ‘मी’ला मागे सरकावं लागतं, फान्डाख एट इक मक्रेल. हे घोकायचं, इलाज नाही.

पण ओमडाट म्हणजे कारण, डाट म्हणजे की, आल्स म्हणजे जर, हूवेल म्हणजे जरी, यातलं काही आलं की पुढच्या तुकड्यात क्रियापद उचलून शेवटी टाकायचं. ओमडाट इक मक्रेल एट, कारण मी बांगडा खातो. बघा, शब्दाला शब्द आपलाच! मी महिनाभर डोक्यात इंग्रजी जुळवून ‘ओमडाट इक एट मक्रेल’ म्हणत होतो आणि विहीणबाई बिचाऱ्या दरवेळी तेच वाक्य नीट करून हळूच परत म्हणायच्या, मला वाटायचं त्यांना पण बांगडा आवडतो.

वांटपासून मात्र सांभाळा, अर्थ कारणच पण त्याच्यामागे साधाच क्रम, वांट इक एट मक्रेल.

दोन क्रियापदं आली की मराठी थोडी फसवते. आपण ‘खाऊ शकतो’ म्हणतो, ते ‘शकतो खाऊ’ म्हणतात: ओमडाट इक मक्रेल कान एटन. ‘खाल्लाय’ म्हणताना खेखेटन हेप आणि हेप खेखेटन दोन्ही चालतं, तिथे डोकं लावू नका. आणि फोन करणे म्हणजे ओपबेलन, ते साध्या वाक्यात फुटतं, इक बेल ये ओप, पण डाट आलं की परत चिकटतं, डाट इक ये ओपबेल.

आल्सचा तुकडा आधी आला तर स्वल्पविरामानंतर लगेच क्रियापद, कारण तो अख्खा तुकडाच एक नंबर धरतात. आल्स हेट रेखन्ट, ब्लैफ इक टाउस, पाऊस पडला तर मी घरीच राहतो. जुलैत या वाक्याची प्रॅक्टिस आपोआप होते, विहीणबाई म्हणाल्या त्यांच्याकडे तर वर्षभर होते.