गावच्या टीमसाठी पाणक्या कसा घडवावा

भातकापणी झाली की आमच्या गोव्यातल्या पेडण्यात शेतात गोलपोस्ट उभे राहतात. पहिल्याच दिवशी चौदा पोरांपैकी बाराजणांना स्ट्रायकर व्हायचं असतं. पाणक्या, म्हणजे मधल्या फळीत मागे राहून बॉल हिसकावणारा आणि पुढच्यांना देणारा, उरलेल्या दोघांत शोधा.

हा शब्द माझा नव्हे. फ्रान्सच्या एरिक कॅन्टोनाने आपल्याच देशाच्या दिदिए देशाँला हिणवून पाणक्या म्हटलं होतं. आणि खोटं काय त्यात? पुढे झिदानला मोकळं खेळता यावं म्हणून मागे हाच राबायचा, फ्रान्सकडूनही आणि युव्हेंटसकडूनही. त्याच पाणक्याने १९९८ साली कप्तान म्हणून वर्ल्डकप उचलला आणि २०१८ साली कोच म्हणून जिंकला.

निवडताना वेग बघू नका. बॉल गेल्यावर पोरगा काय करतो ते बघा. कमरेवर हात ठेवून शेजाऱ्यावर ओरडला, तर सोडून द्या. गुपचूप मागे पळाला, तर तोच तुमचा.

आता चार चपला दहा-दहा पावलांवर टाकून चौकोन आखा. पोराला मधोमध उभा करा. समोरून कोणीतरी पास देईल. तुम्ही त्याच्या पाठीमागे थांबून बोटं वर करा. बॉल पायाशी पोचायच्या आत त्याने मान वळवून किती बोटं ते सांगायचं, मग दोन टचमध्ये पास. सुरुवातीला आकडा बरोबर येतो आणि बॉल मेर ओलांडून शेजारच्या शेतात जातो. जाऊ दे. रोज दहा मिनिटं करा. आठवड्याने बोटांच्या जागी माणूस आणा: तो डावीकडून आला तर बॉल उजवीकडे सुटला पाहिजे.

लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, वर गेला की त्याची जागा पाणक्याने भरायची, हे सांगून कळत नाही. मॅच थांबवून हाताला धरून तिथे नेऊन उभा करा.

पिवळ्या कार्डाचं मात्र माझ्याकडून शिका. आमच्या पाणक्याला कार्ड मिळालं, मी मोहापायी आत ठेवला. दुसरं पिवळं म्हणजे थेट बाहेर; उरले दहाजण, दोन गोल खाल्ले. २०१८ च्या फायनलला क्रोएशियाविरुद्ध फ्रान्स २-१ ने पुढे होतं. त्यांच्या पाणक्यावर, कान्टेवर, पिवळं कार्ड होतं. देशाँने ५५व्या मिनिटाला त्याला काढून एनझोंझीला आत पाठवलं. तसं काढा. पोरगा तोंड पाडून बाहेर येईल, तेव्हा का काढलं ते तिथल्या तिथे सांगा आणि पाण्याची बाटली तुम्ही स्वतः नेऊन द्या.