पावसाळ्यात बघा, उन्हाळ्यात रंगवा : राहत्या घरातली खोली नव्याने कशी सजवावी

कोल्हापुरात घरकामाचे फोन बहुतेक गणपतीच्या तोंडावर येतात. "बाप्पा बसायच्या आत हॉल तेवढा चकाचक करून द्या." बाहेर पावसाची झड लागलेली, भिंती ओल पिऊन बसलेल्या, आणि घाई रंगाची! इंटिरियर डिझायनर म्हणून अशा वेळी मी काम घेत नाही, पण घर बघून मात्र नक्की येते. भिंतीचं खरं रूप कळायला जुलै-ऑगस्टसारखे महिने नाहीत. बघणं पावसाळ्यात, काम दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत, हा क्रम पाळला तर निम्मी डोकेदुखी वाचते. शिवाय दसरा-दिवाळीच्या आधी चांगला पेंटर हाताला लागत नाही, तो जानेवारीत निवांत सापडतो.

खाली जे सांगते ते एका खोलीसाठी आहे. सगळं घर एकदम काढू नका. राहत्या घरात माणसं जेवणार कुठं आणि झोपणार कुठं, हा प्रश्न रंगाच्या शेडपेक्षा मोठा असतो.

आधी ओल शोधा

पावसाळ्यात भिंतीवर डाग दिसला की त्याच्या कडेनं पेन्सिलनं रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्याने परत बघा. मोठा पाऊस झाल्यावर डाग रेघेबाहेर सरकत असेल, तर पाणी गच्चीतून, छज्ज्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येतंय. पाऊस असो-नसो डाग तसाच असेल, तर पलीकडच्या बाथरूमची पाइप किंवा फरशीचे सांधे तपासा. आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्टा उठला असेल, तर ओल जोत्यातून वर चढते आहे.

शंका राहिली तर भिंतीवर जाड प्लॅस्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलेलं दिसलं तर ओल भिंतीच्या आत आहे. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर खोलीत हवा खेळत नाही एवढंच, आणि तिथं वॉटरप्रूफिंगवर पैसे घालण्यापेक्षा खिडकी उघडी ठेवणं स्वस्त.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत भिंती दगडमातीच्या, वीट-चुन्याच्या असतात. त्यांना लोणा लागतो, म्हणजे ओलीबरोबर क्षार वर येतात आणि पांढरी भुकटी सुटते. तिथं सरसकट सिमेंटचा गिलावा मारून घेण्याची चूक फार घरांत दिसते. सिमेंट ओलीला बाहेर पडू देत नाही, मग ती आणखी वर चढते आणि दोन वर्षांत गिलाव्याच्याही वर डाग उठतो. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि वर चुन्याचा रंग चांगला. चुन्यात काम करणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, पण शोधा. ओल्या भिंतीवर पुट्टी तर अजिबात नको, पहिल्या पावसात तिचे पापुद्रे हातात येतात.

खोली कोण वापरतं ते बघा

मोबाइलवर जमवलेले फोटो मला दाखवायच्या आधी एक आठवडा आपलीच खोली बघा. सकाळी सहाला तिथं कोण असतं? दुपारी? रात्री दहाला? कागदावर लिहून काढा. हॉलमध्ये सकाळी आजोबा पेपर वाचतात, दुपारी सासूबाई भाजी निवडतात, संध्याकाळी नातवाचा अभ्यास आणि रात्री पाहुण्यांचं अंथरूण. ही चार कामं ज्या खोलीत होतात, तिथं मधोमध काचेचं टीपॉय ठेवून काय करायचं?

राजारामपुरीतल्या एका घरात सगळ्यांना 'एल' आकाराचा सोफा हवा होता. आजी काही बोलेनात. निघताना मी विचारलं, "आजी, तुम्ही कुठं बसता?"

"मी खालीच बसते गं. गुडघ्याला बरं नाही म्हणतात, पण मला वर बसून भाजी चिरता येत नाही."

मग एका बाजूला खिडकीखाली अठरा इंच उंचीचा लाकडी बाक केला. आत खण, वर गादी. बाकाला एका कडेला हाताची उंची येईल असा कठडा दिला, तो धरून त्यांना उठता येतं, आणि समोर भाजीची परात ठेवायला सरकता पाट. 'एल' सोफा तीन सीटचा झाला. पैसेही वाचले.

त्याच आठवड्यात सामानाचे तीन ढीग करा : राहणार, दुसऱ्या खोलीत जाणार, घराबाहेर जाणार. भांडणं तिसऱ्या ढिगावर होतात. लग्नातलं गोदरेजचं कपाट, वडिलांची खुर्ची, माळ्यावरचं पितळ हे काढायला सांगणारी मी नाही. मात्र प्रत्येक वस्तूला जागा नेमून द्या. जागा सापडली नाही तर घरातलेच आपण होऊन सोडतात. जुनं सागवान मात्र मोडीत देऊ नका. दारं, चौकटी, दिवळीच्या फळ्या यांवरचा ऑइलपेंट उतरवला की खालचं लाकूड बघून घरची माणसंच थक्क होतात.

खडूनं फरशीवर आखा

मोजमाप घ्या, पण कागदावर थांबू नका. सोफा, पलंग, कपाट यांचे चौकोन फरशीवर खडूनं आखा आणि दोन दिवस त्यांना ओलांडून वावरा. चालायची वाट किमान तीन फूट ठेवा, अगदीच जागा नसेल तर अडीच. कपड्यांचं कपाट दोन फूट खोल लागतं, आणि त्याचं दार उघडल्यावर पुढे माणूस उभा राहिला पाहिजे. तेवढी जागा नसेल तर सरकती दारं. अभ्यासाचं टेबल अडीच फूट उंच. ज्येष्ठांचा पलंग गादीसकट गुडघ्याएवढा हवा, म्हणजे अठरा ते वीस इंच. हल्ली बुटके पलंग फॅशनमध्ये आहेत, आजोबांच्या खोलीत ते घेऊ नका.

खडूच्या या रेघांवरूनच प्लगचे पॉइंट ठरतात. पलंगाच्या डोक्याशी चार्जिंग, टीव्हीमागे चार सॉकेट, देवघरापाशी एक. एसी लागणार असेल तर त्याला वेगळी तार आणि १६ अँपिअरचा पॉइंट आत्ताच, मागाहून भिंत फोडायची वेळ नको.

कामांचा क्रम

हा क्रम चुकला की दोनदा पैसे जातात. आधी गळती आणि ओलीची दुरुस्ती, आणि ती झाल्यावर भिंत वाळायला वेळ. मग वायरमनची फोडाफोडी. मग गवंड्याकडून गिलाव्याची डागडुजी. नवा गिलावा चांगला वाळायला महिनाभर तरी द्या. त्यानंतर पुट्टी, घासणं, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात. आता सुताराला आत घ्या. सुतारकामाची धूळ बसली, ती पुसली, की मगच रंगाचा शेवटचा हात. दिवे आणि पडदे सगळ्यांच्या शेवटी.

जुन्या घरातली दारं-खिडक्या घासताना एक काळजी घ्या. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत शिसं असू शकतं. ते कोरडं घासून धूळ उडवू नका. ओला पॉलिश पेपर वापरा, पेंटरला चांगला मास्क घालायला लावा, आणि तेवढे दिवस लहान मुलं व गरोदर बाई त्या खोलीपासून लांब.

लाकूड आणि पुराची रेघ

बाजारात प्लायवूड विचारलं की 'वॉटरप्रूफ' हा शब्द सगळेच वापरतात. तुम्ही शिक्का बघा. आयएस (भारतीय मानक) ३०३ हा साध्या प्लायचा शिक्का आहे, त्यातही एमआर (दमट हवा सोसणारं) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारं) असे दोन प्रकार. एमआर कोरड्या बेडरूमच्या कपाटाला चालतं. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, ते सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला. सगळीकडे मरीन प्लाय लावणं ही उधळपट्टी. उलट वाळवीचं औषध भिंतीला आणि कपाटाच्या पाठीला मारायला कंजुषी करू नका.

रमणमळा, नागाळा पार्क, दुधाळी किंवा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीकडच्या सखल भागात तळमजल्याला राहत असाल, तर वेगळा हिशेब. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी पाहिला त्यांना पंचगंगेचं पाणी कुठवर येतं ते सांगावं लागत नाही. तुमच्या भिंतीवरची ती रेघ धरा आणि तिच्या खाली प्लायवूडचं जोडकाम करू नका. खालचे खण स्टीलचे किंवा पीव्हीसी बोर्डचे, नाहीतर सगळं सुटं, उचलून माडीवर नेता येईल असं. वायरिंग छताकडून खाली आणा, बोर्ड रेघेच्या वर. भिंतीच्या खालच्या भागाला पीओपी किंवा पुट्टी न लावता टाइल्स घ्या. पूर ओसरल्यावर धुऊन काढता येतात.

रंगाचा हिशेब

दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. चारही भिंतींची बेरीज ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे चाळीसेक वजा करा, उरले ४००. छत १२० चौरस फूट वेगळं. एका लिटरमध्ये दोन हात देऊन किती चौरस फूट भरतं ते डब्यावर छापलेलं असतं, तो आकडा नीट तयार केलेल्या गुळगुळीत भिंतीचा. खडबडीत भिंतीला जास्त लागणार हे धरून चाला. पेंटरचा दर ठरवताना एवढंच विचारा : मजुरी फक्त की मटेरियलसह, पुट्टीचे किती हात, दार-खिडक्या धरल्यात का, आणि सामान झाकायचं प्लॅस्टिक कोणाचं?

शेड कार्डावरून ठरवू नका. छोटा डबा आणून दोन फूट बाय दोन फूट तुकडा रंगवा, एक खिडकीसमोर, एक कोपऱ्यात. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात बघा. माझं मत विचाराल तर तीन भिंती मऊ पांढरट आणि चौथी गडद ही पद्धत आता जुनी झाली. सगळ्या भिंतींना एकच उबदार शेड द्या, रंगाची हौस पडद्यांवर आणि गादीच्या खोळींवर भागवा. ती बदलायला पेंटर लागत नाही.

फॉल्स सीलिंगबद्दल थोडक्यात : साडेनऊ फुटी स्लॅबखाली पूर्ण सीलिंग नको, खोली अंगावर येते.

देवघर

घरातली सगळ्यात जास्त चर्चा यावर होते, आणि सगळ्यात कमी विचार काजळीचा. समईची ज्योत आणि वरची फळी यांत चांगलं अंतर ठेवा, मागच्या भिंतीला दगड किंवा टाइल लावा म्हणजे तेलाचे ओघळ आणि काजळी पुसता येते. लॅमिनेटच्या बंद पेटीत दिवा लावला की वर्षभरात तिचं छत काळं पडतं आणि आगीचाही धोका. बसून पूजा करणारे आणि उभं राहून करणारे दोघंही घरात असतील तर उंची मोठ्या माणसांना विचारून ठरवा. खाली एक खण वाती, कापूर, हळद-कुंकवासाठी. आणि गौरी-गणपतीला मखर कुठं बसणार, नवरात्रात घट कुठं, म्हाईच्या जेवणावळीला पंगत कुठं पडणार, हे आत्ताच आखा. भिंतीला जखडलेलं फर्निचर वर्षाचे तीनशे दिवस सोयीचं आणि सणाला अडचणीचं, असं होऊ नये.

पडदे आणि दिवे

पडद्याचं कापड इचलकरंजीत स्वस्त आणि चांगलं मिळतं, यंत्रमागाचं गाव ते. सहा फुटांच्या दांडीला चुण्या छान पडायला दांडीच्या दोन ते अडीच पट रुंदी लागते, म्हणजे ४८ इंच पन्ह्याचे चार तुकडे. सात फूट लांबीच्या पडद्याला वरच्या-खालच्या दुमडीसाठी एक फूट धरा. चार तुकड्यांना ३२ फूट, साधारण दहा मीटर. सुती असेल तर शिवायच्या आधी एकदा धुवा. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आखडून फरशीपासून चार बोटं वर जातात.

दिव्यांच्या खोक्यावर ३००० के लिहिलेलं असेल तर उजेड पिवळसर, ६५०० के असेल तर दवाखान्यासारखा पांढरा. हॉलला आणि बेडरूमला ३०००, अभ्यासाच्या टेबलावर ४०००. मधोमध एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा नऊ वॅटचे तीन-चार दिवे वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या बटणांवर. आजोबांच्या पेपरच्या खुर्चीमागे एक वाचायचा दिवा वेगळा.

हिशेब पूर्ण करताना

सगळ्या कारागिरांचे थोडे पैसे हाताशी ठेवा, म्हणजे अडकणारी दारं, सुटलेलं लॅमिनेट, न चालणारं बटण दुरुस्त करून मिळतं. हे आधीच तोंडावर सांगून ठेवा, शेवटी सांगितलं तर भांडण होतं. एका संध्याकाळी सगळे दिवे लावून, सगळे खण उघडून खोलीभर फिरा आणि चुका दिसतील तिथं चिकटपट्टीचा तुकडा लावा. उरलेला रंग छोट्या डब्यात घट्ट बंद करा, वर कंपनी, शेड नंबर, खोली आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवा. सोफा सरकवताना पडलेला ओरखडा झाकायला पुढं तोच उपयोगी पडतो.