जुन्या घरांच्या जागी बाटल्या शोधताय? ठाणे-नवी मुंबईवाल्यांनो, या चुका टाळा

चरई, महागिरी, खारकर आळी, कुठेही जुनं घर पाडायला घेतलं की परसातल्या मातीतून सोड्याच्या, औषधाच्या, शाईच्या बाटल्या वर येतात आणि जेसीबीखाली चुरा होऊन डंपरमधून निघून जातात, त्यामुळे कुणी त्या वाचवायचा छंद लावून घेतला की मला खरंच बरं वाटतं. पण बहुतेक जण हे अमेरिका-इंग्लंडचे व्हिडिओ बघून शिकतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण तिकडची घरं वेगळी, हवा वेगळी आणि कायदा तर पूर्णच वेगळा.

पहिलं म्हणजे जागा. तिकडे लोक जुन्या संडासाचा खड्डा शोधतात, कारण तिथे घरातला कचरा त्यातच टाकायचे. आपल्याकडे टोपलीचे संडास होते, मैला उचलून न्यायचे, खोल खड्डा नव्हताच! म्हणून आपण बघायचा तो उकिरडा, परसाचा कोपरा, गोठ्यामागची जागा, कुंपणाची कड. बुजलेली विहीर बघून मोह होतो पण आत उतरायचं नाही म्हणजे नाही, तळाशी ऑक्सिजन नसू शकतो आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. नवी मुंबईत अजून एक भानगड आहे, सिडको १९७० साली आली आणि त्यानंतर बरेच सेक्टर खाडीकाठी भराव टाकून उभे राहिले, तिथे कितीही खणलं तरी मुरूमच निघणार. तिथे कुणी मुंबईचा राडारोडा आणून टाकलेला असेल तर त्यात बाटली मिळेलही, पण ती त्या जागेची नसते. बेलापूर, दिवाळे, घणसोली अशा मूळ गावठाणातच खरं काही सापडतं.

परवानगी. "पडीक तर आहे, कोण विचारतंय" हे डोक्यातून काढा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर कुणाचं नाव आहे ते बघा, मालकाशी बोला, रिडेव्हलपमेंट असेल तर बिल्डरच्या साइटवरच्या माणसाशीही बोला. बऱ्याचदा घरातल्या आजीच सांगतात की सोड्याच्या बाटल्या कुठे फेकायचो. येऊरचं जंगल, खारफुटी, किल्ल्यांचा परिसर इथे कुदळ लावायचीच नाही. आणि रात्री तर अजिबात खणू नका, आजूबाजूच्या लोकांना लगेच गुप्तधनाचा संशय येतो आणि मग पोलिसांना समजावत बसावं लागतं.

कायद्याचं नीट ऐका, कारण व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं असतं. नाणी, दागिने, मूर्ती दिसली तर हात थांबवा आणि कळवा, आणि बाटली किमती वाटली तरी तेच करा, ती वगळलेली नाही. शिवाय पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपलीकडची वस्तू पुरावस्तू धरली जाऊ शकते, तिच्या विक्रीच्या धंद्याला लायसन्स लागतं आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे ऑनलाइन परदेशी गिऱ्हाईक बघून उड्या मारायच्या नाहीत.

खणताना सगळ्यात वाईट चूक म्हणजे बाटलीचं तोंड दिसलं की ओढणे. मान तुटते. आजूबाजूची माती खुरप्याने मोकळी करा, बुडाखाली हात घाला, मग उचला. दुसरी चूक, खड्ड्याच्या बाजूला बोगदा करत आत शिरणे. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, कंबरेपेक्षा खोल जाऊच नका. आधी गॅसची लाइन आणि केबल कुठून गेलीय ते विचारून घ्या. जाड हातमोजे, गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन हे सगळं आलंच, आणि दगड-कौलं उचलताना घोणस, फुरसं असू शकतं हे डोक्यात ठेवा, चावलं तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, सरळ १०८. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात खड्डा भरतो, मेमध्ये जमीन फुटत नाही.

बाटली बुचासकट निघाली आणि आत काही असलं तर उघडून वास घेऊ नका, सिंकमध्ये ओतू नका. निळी, कडांना उभ्या रेघा असलेली बाटली तर बहुतेक विषाची असते, अंधारात हाताला कळावं म्हणूनच तशी बनवायचे.

आता वय ओळखणं, यात तर सगळेच फसतात. साच्याची जोडरेघ ओठाच्या खाली संपली म्हणजे ओठ हाताने केलाय, १९०३ साली ओवेन्सचं बाटल्या बनवायचं ऑटोमॅटिक मशीन आलं त्याआधीची बाटली, असं तिकडचे लोक सांगतात. तो नियम इथे चालत नाही. फिरोजाबादला काच फुंकायचं काम आजही हाताने चालतं, त्यामुळे बुडबुडे आहेत, वाकडी आहे, जोड नाही, एवढ्यावरून जुनी ठरत नाही. गोटी सोड्याचंही तेच, ती काढणाऱ्या कॉड नावाच्या इंग्रजाचं पेटंट १८७० च्या दशकातलं असलं तरी ती बाटली आपल्याकडे अजून बनते. उठावाची अक्षरं, कंपनीचं नाव, गावाचं नाव, आणि सोबत काय निघालं ते बघा. म्हणूनच सापडल्या सापडल्या जागेवर फोटो काढा, किती खोलीवर होती, शेजारी कौल होतं की चिनी मातीचा तुकडा ते लिहा. वर काढून पिशवीत टाकली की ही माहिती परत मिळत नाही.

धुताना घाई नको. थंड ओल्या मातीतली बाटली गाडीच्या डिकीत तापली आणि घरी नळाखाली धरली की तडकते. ओल्या पेपरात गुंडाळून सावलीत ठेवा, मग कोमट पाण्यात साबण घालून रात्रभर भिजवा. चुन्याचा पांढरा थर असेल तर पातळ केलेलं व्हिनेगर, तारेची घासणी नाही, टॉयलेट क्लीनर तर नाहीच. कागदी लेबल किंवा रंगातली अक्षरं असतील तर पाण्यात घालूच नका, मऊ ब्रशने कोरडंच साफ करा.

बाटली ओली असताना स्वच्छ दिसते, वाळली की परत दुधाळ होते? तो मळ नाही, मातीतल्या ओलीने काचच वरून झिजलीय, घासून जाणार नाही. इंद्रधनुष्यासारखे रंग आणि सुटणाऱ्या पापुद्र्याचंही तेच, हात लावू नका. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा अशा काचेला अजून खाते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून माळ्यावर टाकू नका, उघड्या फळीवर ठेवा आणि बुडाला जागा-तारखेची छोटी चिठ्ठी बांधा.